समोर न येणारा जावई

माझा जावई होण्याआधी दोन वर्षं तो माझा मित्र होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी एवढा थयथयाट का केला ते कळेल. आमच्याकडे सगळे म्हणतात, हिला सवयच आहे. सवय आहे, नाकारत नाही, पण तेव्हा कारणही होतं.

आम्ही वॉटरफोर्डला राहतो. मी इथल्या एका औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची तपासणी करते. नवरा घरून सॉफ्टवेअरचं काम करतो आणि दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलतो. पुण्याहून आलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. आता ती फिजिओथेरपिस्ट आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, आणि तेही असं आयरिश की पुण्याच्या मावशीशी बोलताना मध्ये मला दुभाषी म्हणून बसावं लागतं. तिच्याच हॉस्पिटलात हा डॉक्टर होता. एकदा ती म्हणाली, रविवारी एकाला जेवायला आणते, घरचं जेवून त्याला वर्ष झालंय. मी म्हटलं, आण की, त्यात विचारायचं काय.

सांगितलेल्या वेळेला तो आला, आणि फाटकाशीच थांबला. उंच, शेलाटा, गळ्यात लोकरीचा मफलर. आत ये म्हटलं तर तिथूनच विचारायला लागला, तुम्ही बऱ्या आहात ना, घरचे बरे आहेत ना, काम बरं चाललंय ना, थंडीचा त्रास नाही ना. मी पिठाचे हात घेऊन दारात उभी. इथल्यासारखं सगळं ग्रँड, म्हणजे झकास, आहे म्हणून सांगतेय, तर हा पुन्हा पहिल्यापासून सुरू. आत तव्यावर पोळी जळली. मी मनात म्हटलं, हा एक तर फार सभ्य आहे, नाहीतर जरा सटकलेला आहे.

जेवताना उलगडा झाला. तो तेडा होता. हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. सहाराच्या ऐन मध्यावर, चाड देशाच्या उत्तरेला, तिबेस्ती नावाचे काळे ज्वालामुखीचे डोंगर आहेत. उंट आणि शेळ्या घेऊन फिरणारे हे तिथले लोक. वाळवंटात दोन माणसं समोरासमोर आली की ती लगेच जवळ जात नाहीत. लांबच थांबायचं, उकिडवं बसायचं, फेट्याचं टोक तोंडावर ओढलेलं, हत्यार हाताशी, आणि मग तब्येत, वाट, पाणी, उंट, सगळ्याची चौकशी करायची, पुन्हा पुन्हा, आवाज हळूहळू खाली आणत. समोरचा कोण, कुठल्या कुळातला, हे कळलं की मगच जवळ जायचं. हल्ली कुणी हत्यार घेऊन बसत नाही म्हणाला, पण आजोबांनी त्याला चौकशी अशीच करायला शिकवलं होतं. आयर्लंडमध्ये त्याला सगळ्यात जड गेलं ते हे की लोक कसा आहेस म्हणून विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतच नाहीत, चालत राहतात. सुरुवातीला तो त्यांच्या मागे धावत जाऊन उत्तर द्यायचा. मी हसून हसून बेजार झाले. मग मी त्याला सांगितलं की आमच्या पुण्यात दाराच्या भोकातून आधी डोळा लावून बघतात आणि मग कोण पाहिजे म्हणून विचारतात. ते मात्र त्याला एकदम पटलं.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा, मुलगी ड्युटीवर असली तरी यायचा. नवऱ्याचं म्हणणं, तो मुलीसाठी येतो. माझं म्हणणं, तो माझ्याशी गप्पा मारायला येतो. आम्ही दोघंही बरोबर होतो, हे मागाहून कळलं. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि माझ्या कुठल्या प्रेसमध्ये कुठला डबा आहे हे नवऱ्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. तो मला काकू म्हणायचा. मेथी निवडायला बसला की काडी आणि पान असं वेगळं करायचा की बघत राहावं. माझ्या हातची आमटी त्याला इतकी आवडायची की वाटी तोंडाला लावून प्यायचा, आणि ती रिकामी झाली की न बोलता पुढे सरकवायचा. मलाही कुणीतरी न लाजता मागून खाणारं हवंच होतं. मुलगी सॅलड खाते आणि नवरा काय वाढलंय ते न बघता जेवतो.

निवडता निवडता तो सांगत राहायचा. त्याचे वडील त्या डोंगरातले. एकाच घरचे उंट एका खोऱ्यात, शेळ्या आत्याकडे दुसऱ्या खोऱ्यात, खजुराची झाडं तिसरीकडेच. माणसं वर्षभर पांगलेली आणि खजूर पिकला की सगळी एका जागी जमायची. तंबू चटयांचा, तो बायकोचा, तिनंच उभा केलेला. नवऱ्यानं फार बडबड केली तर तिनं तो गुंडाळायचा. मला हे फार आवडलं, नवऱ्याला मुद्दाम मोठ्यानं ऐकवलं. प्रत्येक कुळाची उंटावर डागण्याची खूण वेगळी. त्यांची खूण त्यानं माझ्या परातीतल्या पिठावर बोटानं काढून दाखवली आणि विचारलं, तुमची कुठली? मी आमचं गोत्र सांगितलं. त्याला खूण नसते म्हटल्यावर त्याचं तोंड जरासं पडलं, म्हणजे एवढी मोठी माणसं तुम्ही आणि साधी खूण नाही.

त्याची आजी दंडाला सुरी बांधून फिरायची. उंटांवर खजूर लादून बायका-बायकाच कित्येक दिवसांची वाट चालून जायच्या, धान्य घेऊन परत यायच्या. वाटेत कुणी वाकडं वागलं तर सुरी असायचीच. तो हे असं सांगायचा की जणू आजी छत्री घेऊन बाजारात जायची.

पुढे त्या भागात दुष्काळ पडला, मग बंड झालं, मग चाड आणि लिबिया त्याच जमिनीवरून लढले. वडील डोंगर सोडून दक्षिण लिबियातल्या एका खजुरीच्या गावात आले, तिथे हा जन्मला. लिबियातले म्हणायचे हे चाडचे, चाडचे म्हणायचे हे लिबियाचे. कागद मिळवता मिळवता वडिलांचे केस पांढरे झाले. मी इथे राहण्याचं कार्ड नवं करायला लागतं म्हणून सुरुवातीची कितीतरी वर्षं किरकिर केली होती आणि ती त्याला चवीनं सांगितली होती. त्याचं ऐकल्यावर मी तो विषय बंद केला.

एकदा लग्नांवरून बोलणं निघालं. त्यांच्यात खापरपणजोबांपर्यंत एक जरी माणूस दोन्हीकडे सारखा निघाला तरी लग्न होत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे मामाच्या मुलीशी चालतं. त्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी काहीतरी अमानुष गुन्हा कबूल केलाय. मग म्हणाला की दूरच्या घरी लग्न केलं म्हणजे वाळवंटात कुठेही गेलं तरी कुणीतरी सोयरं निघतं, पाणी मिळतं, तुम्ही जवळच्या जवळ करून काय मिळवता? मी त्याच्यापुढे मेथीची दुसरी जुडी सरकवली.

त्याच दिवशी त्यानं वडिलांची गोष्ट सांगितली. डोंगर सोडून निघाले तेव्हा सोबत वडिलांची सासूही होती. त्यांच्यात जावयानं सासूच्या समोर यायचं नसतं. तिच्याकडे बघायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, आणि तिच्यासमोर जेवायचं तर नाहीच नाही. त्याच्याएवढी लाज दुसरी नाही. म्हणून एवढ्या सगळ्या वाटेत वडील मागे राहून चालले. पाण्याची कातडी पिशवी भरून सासूच्या वाटेवर ठेवायचे आणि ती उचलेपर्यंत टेकाडाआड थांबायचे. म्हातारी जेवली की मग हे जेवायचे, वेगळे, पाठ फिरवून. मी म्हटलं, काय हा वेडेपणा. असला जावई काय कामाचा? आणि मग त्याला आमच्याकडचं सांगितलं, जावयाला पाटावर बसवायचं, सासूनं समोर उभं राहून वाढायचं, नको नको म्हणाला तरी वाढायचं, अधिक महिना आला की अनारसे द्यायचे. तो दोन्ही हात तोंडावर ठेवून ऐकत होता. मला वाटलं, हसतोय.

दोन वर्षांनी त्याला लेटरकेनीच्या हॉस्पिटलात जागा मिळाली. वॉटरफोर्डहून गाडीनं पाच तास, देशाचं पार दुसरं टोक. काही महिन्यांनी मुलीनंही तिकडेच नोकरी घेतली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑक्टोबरात दोघं आली. मुलगी बापाला घेऊन फिरायला बाहेर पडली आणि हा स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला. म्हणाला, आमच्यात हे मोठ्यांनी विचारायचं असतं, पण माझे मोठे फार लांब आहेत, म्हणून मीच विचारतो. मग विचारलं ते असं: "काकू, तुम्ही माझ्या सासू व्हाल का?"

मी धर्माचा विचार केला नाही असं नाही. तो मुसलमान, आम्ही गणपती बसवणारे. पुण्याहून काय काय फोन येतील ते मला तिथे बसल्या बसल्या ऐकू येत होतं, आणि आलेही. पण हा माणूस दोन वर्षं माझ्या ओट्याशी बसला होता. मी त्याला ओळखत होते. मी म्हटलं, होईन, आणि आत्तापेक्षा दुप्पट लाड करीन बघ.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं अजून एक कप चहा मागितला. एरवी चहा दोन घोटांत संपवणारा माणूस, तो कप त्याला तासभर पुरला. मला वाटलं, किती खूश झालाय.

दिवाळीला मी चार दिवस राबले. चकल्या, करंज्या, चिवडा, शिवाय होणाऱ्या जावयासाठी मुद्दाम आमटी. दुपारी गाडी आली. मुलगी उतरून आत आली, हा गाडीतच. मी म्हटलं, फोनवर असेल. अर्धा तास झाला. मी ओवाळायचं ताट घेऊन बाहेर गेले तर त्यानं मफलर नाकापर्यंत ओढला, तोंड पलीकडच्या खिडकीकडे फिरवलं आणि खाली वाकून बसला, सीटखाली काही पडल्यासारखा. मी काचेवर टकटक केली. त्यानं वर पाहिलं नाही. समोरच्या घरातली म्हातारी पडद्याआडून बघत होती. मी निरांजन हातात धरून माझ्याच घरासमोर उभी, पावसात.

मुलीला विचारलं तर ती खांदे उडवून म्हणाली की तो थोडे दिवस जरा लाजेल, मी तुला सांगितलं होतं ना. हो, सांगितलं होतं. ऑक्टोबरात गाडीत बसता बसता म्हणाली होती की तो आता थोडे दिवस गप्प गप्प असेल, मग ग्रँड होईल. त्यानं बिचाऱ्यानं तिला संध्याकाळभर बसवून सगळं समजावलं होतं, आईला नीट सांग, तिला वाईट वाटता कामा नये, म्हणून. आणि माझ्या लेकीनं त्या सगळ्याचं एवढं एक वाक्य केलं होतं. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मुलगी मिळाली आणि हा बदलला.

नाताळच्या आधी दोघं पुन्हा आली होती. मी नदीकाठच्या रस्त्यावरून सामान घेऊन येत होते आणि समोरून हा एकटा. मी हात वर केला. त्यानं मला पाहिलं, नक्की पाहिलं, आणि सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एका गाडीनं करकचून ब्रेक मारला. माझ्या दोन्ही हातात पिशव्या, आणि माझी जी चिडचिड झाली ती काही विचारू नका. दोन वर्षं माझ्या आमटीच्या वाट्या रिचवल्या, आणि आता मला बघून भिंत बघतो? मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हे लग्न मोडा. नवरा म्हणाला की तो मुलगा आपल्याही समोर येत नाहीये आणि खरं सांगायचं तर आपल्याला त्यात फारसं काही खुपत नाही. माझ्या नवऱ्याचं काय, तो माझ्या आईला तीस वर्षं टाळतोय, ते काही कुणाच्या रीतीभाती म्हणून नाही.

मी मुलीला फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. कृतघ्न म्हटलं, लबाड म्हटलं, काम झाल्यावर ओळख विसरणारा म्हटलं. ती ऐकत होती आणि मग रडायला लागली. रडत रडत तिनं मला मीच ऐकलेली गोष्ट सांगितली, टेकाडाआड थांबणाऱ्या त्याच्या बापाची.

ती गोष्ट मला शब्दन्‌शब्द ठाऊक होती. पुण्याला फोन करून मी ती दोघीतिघींना रंगवून सांगितली होती. त्यातली सासू मी असू शकते, हे एकदाही मनात आलं नव्हतं. आणि तो शेवटचा चहा. तो खूश झाला नव्हता, माझ्याकडे शेवटचं पोटभर बघून घेत होता.

इथे एखादी समजूतदार बाई विरघळली असती. मी नाही विरघळले. मला आणखीनच राग आला. म्हटलं, रीत तुमची आहे ना, मग माझीही आहे. माझ्या आईनं माझ्या नवऱ्याला समोर बसवून वाढलं, तिच्या आईनं माझ्या वडिलांना वाढलं. माझी एकुलती एक मुलगी, आणि मी माझ्या जावयाला एक घास वाढायचा नाही? त्याला मुलगी पाहिजे, त्याच्या घरचे सगळे मानपान पाहिजेत, आणि माझं काहीच नाही? मी मुलीला स्वच्छ सांगितलं की लग्नाआधी त्यानं एकदा माझ्यासमोर बसून जेवायचं, माझ्याकडे बघून. नाहीतर मी लग्नाला येणार नाही.

ती दहा दिवस बोलली नाही. दहा दिवसांनी तिचा मेसेज आला, तो येईल म्हणतोय.

फेब्रुवारीतला रविवार होता. मी पुरणपोळी केली, आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भात. डाळ रात्रीच भिजवून ठेवली होती. मनातून मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. नवरा म्हणाला की त्याला काही हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, तुम्ही आपले बाहेर बसा, आणि तो खरंच बाहेर जाऊन बसला.

तो आत आला. मान खाली. मफलर काढून ठेवला होता, माझ्यासाठी म्हणून, आणि त्याशिवाय त्याचा चेहरा मला उघडा उघडा वाटला. मुलगी त्याच्या शेजारी बसली आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिची कुणीच नाही. मी वाढलं. समोर उभी राहिले, जशी माझी आई उभी राहायची तशी. म्हटलं, घे, सुरू कर.

हा माणूस रोज लोकांच्या मानेतल्या शिरेत सुई घालतो, आणि त्याला पोळीचा तुकडा मोडता येईना. आमच्या घरात फेब्रुवारीत स्वेटर घालून बसावं लागतं, आणि त्याच्या कपाळावरून घाम खाली येत होता. त्यानं घास मोडला, तोंडापाशी नेला, खाली आणला. पुन्हा नेला. मग एकदम तोंडात घातला आणि कडू औषध गिळावं तसा गिळला. आणि मला दिलेल्या शब्दाप्रमाणे मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

मी त्याला खाताना हजारदा पाहिलं होतं. हे ते नव्हतं. एखाद्या भल्या माणसाला भर चौकात कपडे उतरवायला लावावेत तसं मी काहीतरी केलं होतं, आणि तो माझ्या शब्दाखातर उतरवत होता. मला माझीच इतकी लाज वाटली की हातातला डाव कुठे ठेवू ते कळेना. त्यानं दुसरा घास मोडायला हात पुढे केला.

मी त्याच्या ताटावर माझा हात आडवा धरला. इंग्रजीत बोलायचं होतं, पण आधी मराठीच आलं, मग तेच इंग्रजीत सांगितलं.

"मी तुझी सासू आहे. माझ्यासमोर जेवायचं नाही."

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. मग खुर्चीवरचा मफलर उचलून त्यानं नाकापर्यंत गुंडाळला, उठला, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. मी स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. पलीकडून ताटाला चमचा लागल्याचा आवाज आला, मग वाटी खाली ठेवल्याचा.

थोड्या वेळानं मुलगी आत आली. तिनं मला मागून मिठी मारली, लहानपणानंतर पहिल्यांदाच एवढी घट्ट. म्हणाली की त्याची आई दर शुक्रवारी फोनवर त्याला विचारते, सासूचा मान ठेवतोस ना? आज तुझ्यासमोर जेवून गेला असता तर त्याला तिच्याशी जन्मभर खोटं बोलावं लागलं असतं. येताना गाडीत तो तेच म्हणत होता, की खोटं बोलेन, तुझ्या आईसाठी तेवढं करीन. मग तिनं रिकामी वाटी पुढे केली आणि म्हणाली, तो अजून आमटी मागतोय. मी दिली. रडत रडत दिली, त्यामुळे जरा सांडली.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. नोंदणीच्या टेबलाशी तो एका बाजूला आणि मी खांबापलीकडे, अधिकारी बाईंना वाटलं आमचं भांडण आहे. मी त्यांना सगळं समजावून सांगत बसले, तोपर्यंत सह्या होऊन गेल्या होत्या.

आता तीन वर्षं झाली. त्यानं माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मी लेटरकेनीला गेले की तो माझा मुक्काम असेपर्यंत हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या खोलीवर राहायला जातो, आणि जाण्याआधी माझी गादी घालून ठेवतो, मेथी निवडून ठेवतो. मला रक्तदाब निघाला तेव्हा मुलगी रोज आकडे विचारायची. ती एवढ्या नेमानं विचारणारी नव्हे, विचारणारा कोण ते मला कळत होतं. ते इकडे आले आणि मी कामावर असले की घरातल्या गळक्या नळापासून मोडक्या फाटकापर्यंत सगळं दुरुस्त झालेलं असतं. मुलगी म्हणते, तो जगात तुझ्याएवढा कुणालाच मानत नाही. पुण्यात माझ्या वयाच्या बायका जावयाच्या तक्रारी सांगतात तेव्हा मी त्यांना सांगते की माझ्याएवढा मान त्यांच्यात कुणालाच मिळत नाही, आणि मला हे सांगायला आवडतंही.

पण रविवारी मी आमटी करते, नवरा काय वाढलंय ते न बघता जेवतो, आणि समोरची खुर्ची रिकामी असते. तो धडधाकट आहे. इथून पाच तासांवर राहतो, माझ्या मुलीला सुखात ठेवतो. आणि मला त्याची फार आठवण येते.